वाचकांचे प्रश्न : परमुलखात पडलेला शिपाई

गेल्या काही महिन्यांत, पलटणीबरोबर समुद्रापार गेलेल्या आणि परत न आलेल्या पूर्वजांविषयी इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि त्यांतली माणसांची नावे छापलेली नाहीत. ती नावे त्या त्या घराची आहेत. ती केव्हा आणि कोठे छापायची हे त्या घरांनीच ठरवावे.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ 'जर्मनच्या लढाईत' बसऱ्याकडे गेले आणि तिकडेच वारले, एवढेच आमच्या घरात माहीत आहे. देवघराशेजारच्या कोनाड्यात एक जड, तपकिरी, वाटोळी चकती आणि एक चांदीचे पदक आहे. चकतीवर त्यांचे नाव इंग्रजीत आहे. इंडिया गेटवर त्यांचे नाव असेल या समजुतीने माझे वडील दिल्लीला जाऊन आले, पण नाव सापडले नाही. ते कोठे असेल? — एक वाचक, खेड तालुका, जि. रत्नागिरी

तुमच्या वडिलांच्या शोधण्यात काही उणे नव्हते. इंडिया गेट हे १९१४ ते १९२१ या काळात मृत्यू पावलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या सुमारे ७०,००० सैनिकांचे स्मारक आहे हे खरे. परंतु त्याच्या दगडावर प्रत्यक्ष कोरलेली नावे तेरा हजारांच्या आसपास आहेत आणि ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या अफगाण युद्धात मरण पावलेल्यांची आहेत. ज्याची समाधी सापडत नाही त्याची नोंद तो जेथे पडला त्या रणभूमीच्या स्मारकावर करायची, अशी पद्धत असल्यामुळे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मरण पावलेल्या शिपायाची नोंद बसऱ्याच्या स्मारकाखाली पाहावी लागते.

आधी तुमच्या कोनाड्यातल्या दोन वस्तूंकडे वळू, कारण शोधाची सुरुवात तेथूनच होईल. ती चकती म्हणजे पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या प्रत्येक सैनिकाच्या कुटुंबाकडे पाठवलेले कांस्यफलक आहे. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाच्या त्या फलकावर हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, तिच्यासमोर सिंह आणि दोन डॉल्फिन मासे दिसतील. खाली अगदी लहान आकारात दुसरा सिंह एका गरुडाला फाडताना दाखवला आहे, आणि कडेने इंग्रजीत 'तो स्वातंत्र्यासाठी व सन्मानासाठी मरण पावला' अशा अर्थाची ओळ आहे. ज्या शेतकऱ्याच्या देशालाच स्वातंत्र्य नव्हते त्याच्या घरी ही ओळ टपालाने आली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. तरीही त्या फलकात एक चांगला विचार आहे. नावाच्या चौकटीत हुद्दा मुद्दामच घातलेला नाही. सेनापती असो की शिपाई, चौकट एकच. आपल्या दृष्टीने अडचण अशी की त्यावर पलटणीचेही नाव नसते, आणि नाव जर 'बाबू जाधव' किंवा 'रामा सावंत' यांसारखे सर्रास आढळणारे असेल तर नुसत्या फलकावरून तो कोणता बाबू आणि कोणता रामा हे ठरवता येत नाही.

म्हणून पदक हातात घ्या. त्याच्या एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष असेल. पदक दोन बोटांत धरून उजेडात हळूहळू फिरवले म्हणजे त्याच्या कडेवर, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, ठोकलेला मजकूर दिसू लागेल: आधी क्रमांक, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण. अक्षरे पुसट असतील तर भिंग वापरा. चिंच, राख किंवा चांदी उजळण्याची पूड मात्र अजिबात लावू नका, कारण दर दिवाळीला घासून लख्ख केलेल्या पदकाच्या कडेवरची अक्षरे आधी झिजतात, आणि पुष्कळदा साऱ्या घरात त्या माणसाचा पलटणीतला क्रमांक एवढ्या एकाच ठिकाणी उरलेला असतो. तो आणि पलटणीचे नाव दोन्ही जसेच्या तसे उतरवून घ्या. त्या काळी हिंदी सैन्यात क्रमांक प्रत्येक पलटणीचा वेगळा असे, म्हणून पलटणीवाचून क्रमांकाला अर्थ नाही.

पुढचा टप्पा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या नोंदींचा. १९१७ साली स्थापन झालेल्या या आयोगाने ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मृत्यू पावलेल्यांच्या नोंदी आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य खुल्या ठेवल्या आहेत. तेथे आधी आडनाव टाकण्याचा मोह आवरावा. आपली नावे इंग्रज कारकुनाने कानाला आली तशी लिहिली आहेत. जाधवांच्या शेवटचा 'व' कोठे 'ओ' झाला आहे, शिंद्यांचे स्पेलिंग तर पलटणीगणिक बदलते. त्याऐवजी पलटण आणि क्रमांक यांवरून शोधा, किंवा पलटण आणि मृत्यूचे वर्ष यांवरून यादी काढून ती शांतपणे खालपर्यंत वाचा. पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीत 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा' अशी एक ओळ असते, आणि तुमची खात्री पटवणारी ओळ तीच. तुमच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. खेड हे तालुक्याचे नाव रत्नागिरीत आहे तसेच पुणे जिल्ह्यातही आहे, त्यामुळे जिल्हा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. ज्यांची गावे आज सिंधुदुर्गात आहेत त्यांनी 'रत्नागिरी' किंवा 'सावंतवाडी' असे शोधावे आणि रायगडकरांनी 'कुलाबा', कारण सिंधुदुर्ग आणि रायगड ही जिल्ह्यांची नावे १९८१ पूर्वी नव्हती.

नोंद सापडली की तारीख नीट वाचा, कारण तो शेवटी कोठे होता ते तारीखच सांगेल. समजा, त्यांची पलटण ११० वी मराठा असेल, किंवा १०३ वी वा ११७ वी. या तिन्ही पलटणी 'पूना डिव्हिजन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या आणि ती डिव्हिजन १९१५ साली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने निघाली होती. तारीख सप्टेंबर १९१५ च्या अखेरची असेल तर ते कूतच्या पहिल्या लढाईत पडले असावेत. २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ च्या दरम्यानची असेल तर बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे, जेथे डिव्हिजनची इतकी हानी झाली की तिला मागे फिरावे लागले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळातली तारीख असेल तर ते कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होते असे धरायला हरकत नाही. त्या वेढ्यात शत्रूच्या गोळ्यांइतकीच उपासमारीने, हगवणीने आणि ताज्या भाजीपाल्याच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीने माणसे गेली. शिधा संपत आल्यावर घोड्यांचे मांस वाटले जाऊ लागले तेव्हा आपल्या शिपायांपैकी पुष्कळांनी धर्म व जातीबाहेर टाकले जाण्याच्या भीतीने ते दीर्घ काळ नाकारले आणि ते अधिकच खंगले. शेवटी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती लागली, आणि त्यांतल्या हिंदी शिपायांना वाळवंटातून चालवत आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर नेण्यात आले. तारीख मे १९१६ नंतरची असेल तर ते या कैदेत गेले असण्याचा संभव मोठा आहे. अशा नोंदीतली तारीख अगदी दिवसापर्यंत खरी मानू नये. कैदेतल्या मृत्यूंची बातमी पलटणीपर्यंत फार उशिरा पोचत असे.

आता ते नाव दगडावर आहे का, या तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, आणि हे सांगताना मला वाईट वाटते. बसरा स्मारकाचे अनावरण २७ मार्च १९२९ रोजी झाले आणि ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांची ते नोंद घेते. ब्रिटिश शिपायांची नावे तेथे एकामागून एक कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपाई, नाईक आणि हवालदार यांच्यासाठी मात्र पलटणीचे नाव आणि त्याखाली एक आकडा एवढेच कोरले गेले. नावे नोंदवहीत ठेवली गेली. फ्रान्समध्ये न्यव शापेल येथे याच आयोगाने १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे रीतसर कोरलेली आहेत, त्यामुळे हे करणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. युरोपात जे आवश्यक वाटले ते इराकात आवश्यक वाटले नाही, एवढाच त्याचा अर्थ. आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे मान्य केले. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्ती अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० जणांची, कदाचित त्याहून पुष्कळ अधिक जणांची, नावाने नोंदच झाली नाही, असे तिचा अहवाल सांगतो. ब्रिटिश सरकारने त्याबद्दल पार्लमेंटमध्ये माफीही मागितली. बसऱ्याच्या बंदरातले ते स्मारक १९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या राजवटीत तेथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर, उजाड माळावर पुन्हा उभे करण्यात आले आहे, आणि तुमच्या घरच्या कोणाला तेथे जाणे सध्या तरी सोपे नाही.

म्हणून माझा सल्ला असा की नोंद सापडताच ती छापून घ्या आणि तिच्याखाली मराठीत त्यांचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वाडी, पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख आणि ठिकाण लिहून ते फलकाशेजारी लावा. आयोगाच्या नोंदीत गावाचे किंवा वडिलांचे नाव चुकले असेल तर पुराव्यासह कळवल्यास ती दुरुस्त करण्याची सोय आहे. तो त्रास जरूर घ्यावा. पुढे कधी ते नाव कोरले गेले तर याच नोंदीवरून कोरले जाईल.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. 'या गावातून इतकी माणसे १९१४-१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' असे तीवर लिहिले आहे. प्रजासत्ताक दिनी मुलांना त्या पाटीविषयी सांगावे असे मी सुचवले, तेव्हा 'ते इंग्रजांसाठी मेले, त्यांचे कौतुक कशाला' असा आक्षेप आला. काय उत्तर द्यावे? — एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा

बाई, आक्षेप घेणाऱ्यांना उडवून लावू नका, कारण त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. ते युद्ध हिंदुस्थानने पुकारलेले नव्हते आणि मेसोपोटेमियातल्या मोहिमेत ब्रिटिशांचे तेलाचे आणि साम्राज्याचे हितसंबंध गुंतलेले होते, हे मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. परंतु युद्ध कोणाचे होते हा एक प्रश्न आणि त्यात मेलेला माणूस कोणाचा होता हा दुसरा. मोहीम इंग्रजांची असली तरी माणूस तुमच्या गावचा होता, आणि गावाने त्याची आठवण ठेवली म्हणजे त्या मोहिमेचे समर्थन केले असे होत नाही.

तो का गेला असेल याचाही विचार मुलांपुढे मांडावा. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. सातारा-रत्नागिरीच्या खडकाळ, पावसावर अवलंबून असलेल्या जमिनीत चार भावांचे पोट भरत नसे, तेव्हा एक भाऊ मुंबईच्या गिरणीत जाई आणि दुसरा पलटणीत, आणि दोघांच्या मनिऑर्डरीवर घरचा सारा, लग्नकार्ये आणि सावकाराचे व्याज भागे. पोटासाठी गेला म्हणून त्याचे मरण हलके होत नाही. त्या काळच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनीही शिपायाला देशद्रोही मानले नव्हते. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपदाची सनद मिळावी या अटीवर लोकमान्य टिळकांनी १९१८ मध्ये भरतीला पाठिंबा देऊ केला होता. महार समाजासाठी तर पलटण हा मानाचा आणि हक्काचा प्रश्न होता. १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने त्यांची भरती बंद केली, युद्धात माणसे कमी पडू लागल्यावर १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. तुमच्या गावच्या आकड्यात महारवाड्यातली, मराठ्यांच्या आळीतली, मुसलमान मोहल्ल्यातली अशी सगळी माणसे असू शकतात. मुलांना सांगताना कोणालाही वगळू नका.

त्या पाटीवर माझा स्वतःचा आक्षेप आहे, पण तो वेगळा. बसऱ्याच्या स्मारकाप्रमाणे तिच्यावरही फक्त आकडा आहे. सरकारने अशा पाट्या गावोगाव दिल्या त्या वेळी प्रत्येक घराला आपला माणूस आठवत होता, म्हणून नावे नसल्याचे कोणाला जाणवले नसेल. आज शंभर वर्षांनी ती आठवणारी माणसे गेली आणि आकडा मात्र उरला. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने, ज्याला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, पहिल्या महायुद्धात पडलेल्या आपल्या ४६ जवानांचे स्मारक जपले आहे, आणि घरटी एक माणूस सैन्यात ही तिथली रीत अजून सुरू आहे. तुमच्या शाळेला करण्याजोगे काम असे: आयोगाच्या नोंदींत 'अधिक माहिती' म्हणून जो रकाना आहे त्यात गावाचे नाव निरनिराळ्या स्पेलिंगने टाकून पाहावे, सापडलेली नावे गावातल्या जुन्या घरांत जाऊन पडताळावीत, तलाठ्याकडच्या जुन्या उताऱ्यांवर वारस कोण लागला ते पाहावे आणि पाटीवरच्या आकड्याइतकी नावे होतात का ते जुळवावे. सगळी जुळणार नाहीत. मिळतील तितकी नावे एका साध्या फळ्यावर लिहून पाटीखाली लावली तरी प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम त्यातून उभा राहील.

एक विनंती आहे. मुलांकडून भाषण करून घेताना त्या शिपायाच्या तोंडी शौर्याचे संवाद घालू नका. पुष्कळ शिपाई हगवणीने, विषमज्वराने, उन्हाने किंवा अजून खंदकातून बाहेरही न पडता तोफगोळ्याने मेले. जे घडले नाही ते त्यांच्या नावावर घातले तर आपण पुन्हा त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कोणाची तरी आठवण काढत बसू.

मराठा पलटणीत मुसलमान शिपाई होते का? आमच्या आजोबांचे वडील ११० व्या मराठा पलटणीत होते असे घरात सांगतात, पण लोक विश्वास ठेवत नाहीत. त्यांची कबर इराकमध्ये कोठे असेल? — एक वाचक, सोलापूर

विश्वास ठेवायला काहीच अडचण नाही. या पलटणींत कोकणी व देशावरचे मराठे यांच्याबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. पलटणीच्या नावावरून आतल्या प्रत्येक माणसाची जात किंवा धर्म ठरवणे चूक आहे. कबरीविषयी मात्र फार आशा देता येत नाही. उदाहरणादाखल, तैग्रिसकाठच्या अमारा येथे मोठी लष्करी इस्पितळे होती आणि तेथील डाव्या तीरावरच्या हिंदी दफनभूमीत सुमारे ५,००० माणसे आहेत. त्यांपैकी केवळ ९ जणांची ओळख पटलेली आहे, कारण दफनाच्या पूर्ण नोंदी लष्कराने ठेवल्याच नाहीत. त्यामुळे आयोगाच्या नोंदीत त्यांचे नाव बसरा स्मारकाखाली मिळाले तरी प्रत्यक्ष देह अमाऱ्यासारख्या एखाद्या जागी, रीतसर नमाजानंतर दफन झालेला असू शकतो. वर खेडच्या वाचकांना सांगितलेली शोधाची पद्धत तुम्हालाही लागू आहे.

माझ्या आजीचा भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत गेला आणि १९४४ मध्ये मारला गेला. आजी जिवंत असेपर्यंत त्याच्या नावाने दर भाऊबीजेला एका दिव्याला ओवाळत असे. माझा मुलगा आता नोकरीनिमित्त इटलीत आहे. त्याने कोठे जावे? — एक वाचिका, पुणे

इटलीबाबत सुदैवाने अधिक नेमके उत्तर देता येते. मराठ्यांची पहिली बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर १९४३ च्या हिवाळ्यात सांग्रो नदीवर लढली, तिसरी बटालियन १९४४ च्या उन्हाळ्यात दहाव्या डिव्हिजनबरोबर टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात होती, आणि या साऱ्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक हिंदी सैनिक मरण पावले. १९३९ ते १९४७ या काळातल्या मृतांच्या नोंदीही त्याच आयोगाकडे आहेत आणि त्या पहिल्या युद्धापेक्षा भरीव आहेत. वडिलांबरोबर कित्येकदा आईचे नावही असते आणि विवाहित असल्यास पत्नीचे, म्हणून तुमच्या पणजीचे नाव तेथे छापलेले सापडले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

तुमच्या मुलाने प्रथम नोंदीतले स्मारकाचे नाव पाहावे, कारण त्यावरून कोठे जायचे ते ठरेल. ज्या हिंदू शिपायांचे दहन झाले त्यांची नावे समाधीशिलांवर नसून दहनस्मारकांवर आहेत. सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानभूमीतल्या दहनस्मारकावर पाचशेहून अधिक नावे आहेत आणि उत्तरेकडे फोर्ली येथे हिंदी सैन्याची स्वतंत्र स्मशानभूमी व दहनस्मारक आहे. ज्यांचा देहच हाती लागला नाही त्यांची नावे रोमच्या दक्षिणेला कसिनो येथील स्मारकावर कोरली आहेत. बसऱ्याला आहेत तसे नुसते आकडे येथे नाहीत. शिपायाचे नाव शिपायाच्या हुद्द्यासह दगडावर आहे, आणि तुमचा मुलगा त्यावर बोट ठेवू शकेल.

त्या कसिनोच्या स्मारकावर नाईक यशवंत घाडगे यांचेही नाव आहे. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी तिसऱ्या बटालियनची एक तुकडी घेऊन ते टायबरच्या खोऱ्यातल्या एका टेकडीवर चढत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि पुन्हा गोळ्या भरायला वेळ नसल्यामुळे उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. हे सगळे योग्यच आहे. त्या प्रसंगाचे वर्णन वाचताना मला मात्र दर वेळी 'त्यांच्याखेरीज तुकडीतले सगळे' या शब्दांपाशी थांबावे लागते. तेही त्याच टेकडीवर, त्याच माऱ्यात, त्यांच्या दोन पावले मागे चढत होते. त्यांच्यापैकी जे मेले त्यांची नावे शोधणे अवघड नाही: मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन आणि ती तारीख एवढे टाकले की त्या दिवशी बटालियनने गमावलेल्यांची यादी समोर येते, प्रत्येकाला एक ओळ. तुमच्या आजीच्या भावाचीही अशीच एक ओळ असेल. मुलाने तेथे जाताना तिची प्रत बरोबर न्यावी. स्मशानभूमीच्या प्रवेशाजवळ भिंतीत एक छोटी पेटी असते, तीत नोंदवही आणि अभिप्रायाची वही ठेवलेली असते. त्या वहीत त्याने मराठीत लिहावे: नाव, गाव, आणि भेटीला आलेला कोण लागतो ते.

मोंतोनेलाही जमल्यास जावे. तेथून खोरे दिसते, आणि चढ किती उभा आहे ते पाहिल्याशिवाय नुसत्या पत्रकातल्या शब्दांवरून ध्यानात येत नाही.

आमच्या घराण्यातला एक शिपाई टेसिफोनच्या लढाईत गेला, हे आता नोंदीवरून कळले. त्याला मूलबाळ नव्हते. आजवर त्याचे श्राद्ध कधी झाले नाही. तिथी कोणती धरावी आणि करण्याचा अधिकार कोणाला? — एक वाचक, नाशिक

नोंदीत निश्चित तारीख असेल तर १९१५ सालचे पंचांग पाहून त्या दिवसाची तिथी काढता येते. जुनी पंचांगे मोठ्या ग्रंथालयांत मिळतात आणि तुमचे गुरुजीही गणिताने सांगू शकतील. तारखेविषयी शंका असेल तर पितृपक्षातली चतुर्दशी, म्हणजे घातचतुर्दशी, शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांसाठीच राखलेली आहे आणि लढाईत पडलेल्याला तीच योग्य. कूतच्या वेढ्यात किंवा कैदेत आजाराने गेलेल्यांसाठी, तिथी ठाऊक नसल्यास, सर्वपित्री अमावास्या धरतात. अपत्य नसलेल्याचे श्राद्ध पुतण्याच्या वंशातला कोणीही करू शकतो. संकल्पात नाव आणि गोत्र उच्चारावे लागते, तेव्हा नोंदीतले इंग्रजी वळणाचे नाव न घेता घरात ज्या नावाने त्याला हाक मारत ते एखाद्या वडीलधाऱ्या आत्याला किंवा काकूला विचारून घ्यावे.